आईचा जुना मधुमेह, आताचा विसर आणि माझे स्वतःचे वाढलेले आकडे: यांचा संबंध किती?

वडगावकर (बेळगाव)

नमस्कार. माझ्या आईचे वय ७४ आहे आणि तिला वीसएक वर्षांपासून मधुमेह आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे तिचे पूर्वीपासूनचेच, त्याचे कुणाला विशेष वाटत नव्हते. परंतु गेल्या वर्षभरात विसरण्याचे स्वरूप बदलले आहे. दुधाचा हिशोब ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिते. आता एकाच तारखेच्या चौकटीत सकाळचे दूध दोनदा लिहिलेले सापडते आणि पुढच्या दोन चौकटी कोऱ्या असतात. महिनाअखेरीस गवळी पैसे घ्यायला आला की ती त्याच्याशी वाद घालते, आणि मग स्वतःच लिहिलेल्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत बसते. माणसे ती बरोबर ओळखते, देवपूजाही बिनचूक करते. सकाळी उठल्यावर मात्र काही वेळा ती गोंधळलेली असते आणि न्याहारी झाल्यावर तासाभरात पूर्ववत होते.

तिला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात तिचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ६.४ आली आणि घरात सर्वांना समाधान वाटले. त्याच आठवड्यात नात्यातल्या एकांनी संदेश पाठवला की हा विसर म्हणजे मेंदूचाच मधुमेह आहे, शुगर आणखी उतरवली की स्मरणशक्ती परत येते. हे कितपत खरे मानावे?

दुसरा प्रश्न माझ्याविषयी आहे. माझे वय ४७, एचबीए१सी ६.१, रक्तदाब बहुतेक वेळा १३८/८८, पोटाचा घेर ९६ सेंटीमीटर, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे. गोळी कोणतीच चालू नाही. आईच्या वाटेने मी जाणार असेन तर आजच काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खानापूरचा फिजिशियन

वडगावकर, आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे जवळजवळ उलट दिशांना जातात, म्हणून ती एकमेकांत मिसळू नयेत अशी पहिली विनंती. आईंचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

विसर पडू लागलेल्या ७४ वर्षांच्या व्यक्तीचे एचबीए१सी ग्लिमेपिराइडवर ६.४ येणे ही समाधानाची नव्हे, काळजीची बाब आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सरासरीच इतकी खाली असेल तर दिवसातून, विशेषतः पहाटे, साखर ७० च्याही खाली जात असण्याची बरीच शक्यता असते. तरुण माणसाला अशा वेळी घाम सुटतो, हात थरथरतात, भूक लागते. उतारवयात आणि जुन्या मधुमेहात या खुणा बोथट होतात आणि दिसतो तो फक्त गोंधळ, जो घरच्यांना वयाचा विसराळूपणा वाटतो. सकाळचा गोंधळ न्याहारीनंतर ओसरतो हे आपण लिहिले आहे, आणि आपल्या संपूर्ण पत्रातील तेच वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. घरी ग्लुकोमीटर असेल तर तशा सकाळी न्याहारीपूर्वी, आणि एखाद्या पहाटे तीनच्या सुमारास, साखर मोजून आकडे लिहून ठेवावेत. मापन ७० च्या खाली आले तर थांबू नये, लगेच साखरपाणी द्यावे.

याची किंमत केवळ त्या दिवसापुरती नसते. कॅलिफोर्नियातील १६,६६७ वयस्कर मधुमेही रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर घसरून रुग्णालयात जावे लागण्याचा प्रसंग ज्यांच्यावर एकदा आला होता, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचे, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराचे, प्रमाण सुमारे सव्वापट आढळले; तीन किंवा अधिक प्रसंग आलेल्यांत ते जवळजवळ दुप्पट होते. साखर अतिशय कडकपणे खाली ठेवून स्मरणशक्ती टिकते का, हे अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या चाचणीत तपासले गेले. त्या चाचणीतील कडक नियंत्रणाचा भाग मृत्यू वाढल्यामुळे २००८ मध्ये थांबवावा लागला, आणि २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत स्मरण किंवा आकलन यांत कोणताही लाभ दिसला नाही. म्हणूनच अशा वयात, विसर सुरू झालेला असताना, एचबीए१सी ८ च्या आत असले तरी बहुतेक तज्ज्ञ समाधानी असतात. आपल्या नातेवाइकांचा संदेश आईंच्या बाबतीत नुसता चुकीचा नाही, तो धोकादायक आहे. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नये. आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे आणि ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करता येईल का, की तिच्या जागी साखर न घसरवणारी गोळी देता येईल, असे स्पष्ट विचारावे.

त्याच भेटीत बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने बी१२ कमी होऊ शकते, आणि आपल्या भागात शाकाहारी घरे पुष्कळ असल्याने ते मुळातच काठावर असते. त्याच्या कमतरतेने विसर पडतो, पाय बधिर होतात, तोल जातो, आणि वेळेत सापडली तर ही कमतरता भरून काढता येते. थायरॉईड, सोडियम, मूत्रपिंड, ऐकू येणे आणि मनाची उदासी यांचीही पाहणी व्हावी. हे सर्व झाल्यावरही विसर उरला तर मगच डिमेन्शियाचे नाव घ्यावे.

आता संबंधाविषयी. हॉलंडमधील रॉटरडॅम येथील वृद्धांच्या पाहणीत १९९९ सालीच असे दिसले होते की मधुमेह असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासाचे २०२१ मधील निष्कर्ष मला त्याहून बोलके वाटतात. ७० व्या वर्षी ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना होता त्यांचा धोका निरोगी समवयस्कांच्या दुपटीहून थोडा अधिक होता. मधुमेह पाच वर्षांच्या आतला असेल तर तो जवळजवळ वाढलेलाच नव्हता. म्हणजे मधुमेह आहे की नाही, याइतकाच तो कोणत्या वयात जडला हाही प्रश्न आहे. आपण आज ज्या उंबरठ्यावर आहात, तो ओलांडणे दहा वर्षे पुढे ढकलता आले तर तो लाभ खरा आहे.

हे घडते कसे, त्याच्या अनेक वाटा आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले तरी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो वापरतो, आणि ती त्याच्या खोल भागापर्यंत केसाहून बारीक रक्तवाहिन्या पोचवतात. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब या वाहिन्यांच्या भिंती जाड व कडक करतात. घटप्रभा कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी आधी कमी पडते, तसा मेंदूतला या वाहिन्यांच्या टोकाचा पांढरा भाग आधी सुकतो. एमआरआयमध्ये तेथे डाग दिसतात आणि माणूस विचारात व चालण्यात मंद होतो. दुसरी वाट इन्सुलिनची आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात ते जास्त प्रमाणात फिरते, आणि इन्सुलिन मोडणारे जे विकर (एन्झाइम) आहे तेच अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिनही मोडते, त्यामुळे एकाच्या गर्दीत दुसरे मागे राहत असावे, असा एक तर्क आहे. पोटातील चरबीमुळे धुमसत राहणारा दाह ही तिसरी वाट. पहिल्या वाटेचा पुरावा भक्कम आहे, पुढच्या दोहोंचा अजून तितका नाही.

शहापूरची सून

डॉक्टरसाहेबांनी साखर घसरण्याविषयी जे लिहिले त्याला घरातील अनुभवाची जोड देते, कारण ही गोष्ट वडगावकर दादांच्या घरात आजही घडत असू शकेल.

माझ्या सासूबाई वारकरी आहेत आणि एकादशी त्यांनी कधी मोडली नाही. सकाळची गोळी त्या नेहमीप्रमाणे घेत आणि दिवसभर एखादे केळे आणि चहा यांवर राहत. एका एकादशीला संध्याकाळी त्या तुळशीपुढे दिवा लावायला गेल्या आणि काडी हातात धरून उभ्याच राहिल्या. पुढे काय करायचे ते त्यांना आठवेना, आणि मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. दवाखान्यात नेल्यावर साखर ४८ निघाली. त्यानंतर मी गोळ्यांचा डबा उघडून मोजला तेव्हा लक्षात आले की दोन गोळ्या हिशोबापेक्षा कमी होत्या. विसर पडत होता म्हणून गोळी पुन्हा घेतली जात होती, आणि गोळी पुन्हा घेतली जात होती म्हणून गोंधळ वाढत होता.

ज्यांना विसर पडतो त्यांच्या हाती मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे राहू देऊ नयेत, असे मी कळकळीने सांगेन. आम्ही आता वारांचे खण असलेला डबा भरून माझ्या खोलीत ठेवतो आणि गोळी ताट वाढल्यावरच देतो. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. सासूबाईंचा उपवास आम्ही मोडायला लावला नाही, कारण तो त्यांच्या जगण्याचा आधार आहे. फक्त ठरलेल्या वेळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यांनी घ्यावी एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले.

हिंडलग्याचा मास्तर

मी निवृत्त शिक्षक आहे. संख्याशास्त्र हा माझा विषय. खानापूरच्या डॉक्टरांच्या आईंविषयीच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. संबंधाविषयी मात्र थोडी सावधगिरी सुचवतो, कारण मधुमेहींमध्ये डिमेन्शिया अधिक आढळतो यावरून मधुमेह हेच त्याचे कारण, असे थेट ठरत नाही.

मरणोत्तर मेंदूच्या तपासण्यांत मधुमेही व्यक्तींमध्ये रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा अधिक सापडतात. अल्झायमरचे अमायलॉइडचे थर मात्र सामान्यतः अधिक सापडत नाहीत. मधुमेहाकडे झुकवणारी जनुके असणाऱ्यांचे अभ्यास पाहिले तर तेथेही अल्झायमरशी ठळक नाते दिसत नाही. शिवाय डिमेन्शियाची प्रक्रिया लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते आणि त्या काळात भूक, वजन, हालचाल, सगळेच बदलते, त्यामुळे कोणते आधी आणि कोणते नंतर हे ठरवणे अवघड होते. उतारवयात वजन घटणे हे अनेकदा आजाराचे पूर्वचिन्ह असते. मधुमेह आणि वजन यांवर चालणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची सुरुवातीच्या अल्झायमरच्या रुग्णांवर दोन वर्षे मोठी चाचणी झाली आणि त्याने आजाराची गती कमी झाली नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणून विसर म्हणजे मेंदूचा मधुमेह हे समीकरण मला मान्य करता येत नाही.

याचा अर्थ हातात काही नाही असा मुळीच नाही. लोकांना दोन गटांत वाटून केलेल्या चाचण्यांचा पुरावा सर्वांत विश्वासार्ह, आणि तो आज सर्वाधिक रक्तदाबाच्या बाजूने आहे. अमेरिकेतील रक्तदाबाच्या एका वेगळ्या चाचणीत, जिच्यात मधुमेही नव्हते, वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट ठेवल्यावर डिमेन्शियाच्या अलीकडची जी सौम्य विस्मरणाची अवस्था असते तिचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. प्रत्यक्ष डिमेन्शियातील घट मात्र निर्णायक ठरली नाही. चीनमधील ३२६ खेड्यांत चाळिशीपुढच्या सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीने ती उणीव भरून काढली. तेथे मोठे रुग्णालय नव्हते, गावातल्याच आरोग्यसेवकांनी दाब मोजला, ठरलेल्या पद्धतीने गोळ्या वाढवल्या आणि घरी मोजायला शिकवले. चार वर्षांत डिमेन्शियाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या खानापूर आणि चिकोडी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर आशा ताई घरोघर जातातच. त्यांच्याकडे दाब मोजण्याचे यंत्र आणि गोळ्या सुरू ठेवण्याची व्यवस्था दिली तर हे येथेही का होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून वडगावकरांच्या आकड्यांपैकी मी प्रथम १३८/८८ कडे पाहीन.

खानापूरचा फिजिशियन

मास्तर, आपण घातलेली मर्यादा योग्य आहे आणि ती मला मान्य आहे. एवढेच जोडतो की उतारवयातील रुग्णांत शुद्ध अल्झायमर कमी आणि मिश्र स्वरूपाचा आजार अधिक दिसतो. त्याच मेंदूत थोडे अमायलॉइड आणि थोडे रक्तवाहिन्यांचे नुकसान असते. त्यातला दुसरा हिस्सा कमी ठेवता आला तर पहिल्याला तोंड देण्याची ताकद मेंदूत अधिक काळ राहते. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या चौदा घटकांची यादी केली, त्यांत मधुमेह, रक्तदाब, स्थूलता, वाईट कोलेस्टेरॉल आणि बैठेपणा हे पाच चयापचयाशी जोडलेले आहेत, आणि त्या पाचही घटकांचा भार आयोगाने मध्यमवयावर ठेवला आहे.

वडगावकर (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सलग तीन सकाळी आईची साखर मोजली. एकदा ती ६२ आली आणि तेव्हा ती गोंधळलेलीच होती; साखरपाणी दिल्यावर सावरली. गोळ्यांचा डबा त्याच दिवशी कपाटात गेला आणि उद्याची वेळ घेतली आहे. स्मरणशक्तीच्या चाचणीत तिला नेमके काय विचारतील, आणि ती घाबरणार नाही यासाठी काय करावे? माझ्याविषयी एक शंका उरते. मी अंगाने जाड नाही, वजन ६८ किलो आहे, फक्त पोट सुटले आहे. घरी साखर बंद करून गूळ सुरू केला आहे, तो चालेल ना?

खानापूरचा फिजिशियन

६२ ही संख्या उद्या सर्वांत आधी सांगा, बाकी सर्व नंतर.

गुळाविषयी स्पष्ट लिहितो, कारण ऊस आणि गुऱ्हाळांच्या आपल्या मुलखात हा समज घट्ट बसलेला आहे. गूळही रक्तातील साखर वाढवतोच. त्यातील थोड्या खनिजांनी तो परिणाम बदलत नाही. करदंट हा गुळाचाच, कुंदा साखरेचा आणि दुधाचा; दोन्ही सणासुदीला खावेत. आपल्याकडे खरा भार गोडाचा नसून भाताचा आहे. सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, आणि ताटात उसळ चमचाभर. दोनपैकी एका वेळी भात काढून जोंधळ्याची भाकरी घ्यावी. भाकरीही मोजूनच, परंतु मटकी किंवा हरभऱ्याची उसळ वाटीभर आणि भाजी त्याहून अधिक. शेंगदाण्याची चटणी चालेल, मीठ मात्र हात आखडून.

अंगाने जाड नाही, याचा आधार घेऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही त्यात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, आणि ती पोटात साठते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर हा पोटाच्या घेराचा काठ मानतात. आपला घेर, दाब, साखर आणि यकृतावरची चरबी ही चार वेगळी दुखणी नाहीत. वजन चार-पाच किलोंनी उतरले तर चारही आकडे एकत्र हलतात. त्याला रोजचे भरभर चालणे हवे, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायामही, कारण जेवणानंतरची साखर सर्वाधिक स्नायूच उचलतात. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसून मोजावा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर गोळीची चर्चा डॉक्टरांशी करण्यात संकोच नसावा. हे नियम आईंना लावू नयेत. त्यांचे वजन उतरवायचे नाही, त्यांना ताटात डाळ, दूध आणि अंडे चालत असेल तर अंडे वाढवायचे.

चाचणीत तारीख, वार, ठिकाण विचारतात, काही शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला किंवा घड्याळ काढायला सांगतात. आई मराठी शाळेत शिकल्या असतील तर चाचणी मराठीतच व्हावी असा आग्रह धरा. सीमाभागात तपासणारे डॉक्टर अनेकदा कन्नड किंवा इंग्रजीतून प्रश्न विचारतात, आणि उत्तर प्रश्न न समजल्यामुळे चुकले की आठवले नाही म्हणून चुकले, हे त्या गुणांवरून कळत नाही. शिक्षण कितवीपर्यंत झाले तेही आधी सांगा, कारण त्यानुसार गुणांचा अर्थ बदलतो. न्याहारी करवून आणि साखर मोजून मगच न्या. साखर घसरलेली असताना घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो. चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच न्यावे.

शहापूरची सून

दादा, त्यासोबत दिनदर्शिकेची मागच्या सहा महिन्यांची पानेही न्या. सासूबाई डॉक्टरांपुढे अगदी नीट बोलत, त्यामुळे पहिल्या भेटीत कुणाचा विश्वास बसला नाही. तुमच्याकडे आईंच्याच अक्षरात लिहिलेले आहे, त्यावरून बदल कधी सुरू झाला ते डॉक्टरांना दिसेल.